अर्जदार क्रमांक १० आणि ११

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाद पेटला. निमित्त नेहमीचंच. कुठल्याशा नागरी हक्क संघटनेचं कुणाच्या तरी अटकेविरुद्ध पत्रक आलं होतं. त्याखाली एका मित्राने लिहिलं, "या लोकांनी आजवर सामान्य माणसासाठी केलंय काय? एक गोष्ट सांगा." मित्र भला माणूस आहे, ट्रोल वगैरे नाही. म्हणून चिडण्याऐवजी उत्तर द्यायला बसलो. ग्रुपवर चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितोय.

त्याने एकच गोष्ट मागितली होती, म्हणून एकच निवडली. मुंबईची आहे. तीही अशी निवडलीय की या संघटनांचा विजय म्हणून छातीठोकपणे सांगता येणार नाही. जिंकलेल्या गोष्टी सगळेच सांगतात.

१० जुलै १९८५. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या खटल्याचा निकाल दिला. कायदा शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव पाठ असतं. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे या निकालाने सांगितलं. ओल्गा टेलिस या मुंबईच्या पत्रकार. पण निकालपत्र काढून वाचलंत तर दिसेल की याचिकांचे दोन गट होते. दुसऱ्या गटात बारा अर्जदार. पहिले पाच पश्चिम द्रुतगती मार्गालगतच्या कामराज नगर वस्तीतले. पुढचे चार माहीमच्या तुळशी पाइप रोडवरच्या झोपड्यांतले. बारावा एक पत्रकार. आणि मधले दोन माणसं नाहीतच, संस्था आहेत. अर्जदार क्रमांक १० पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल. अर्जदार क्रमांक ११ कमिटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ डेमोक्रॅटिक राइट्स, म्हणजे सीपीडीआर.

हे दोघे तिथे काय करत होते, तेवढीच ही पोस्ट.

आधी जुलै १९८१ चं सांगतो. राज्याचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले. १३ जुलैला त्यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. कारण काय दिलं? हे जगणं अमानुष आहे, पावसाळ्यात त्या झोपड्यांत कुणी नीट राहू शकत नाही. म्हणून भर पावसाळ्यात झोपड्या पाडायच्या! पोलीस आयुक्तांना महापालिकेला मदत करायला सांगितलं गेलं.

फूटपाथवर कोण राहत होतं, तेही निकालपत्रात आहे. पहिल्या गटातला एक अर्जदार तमिळनाडूतल्या सेलमहून १९६१ साली आलेला. गावाकडे भूमिहीन मजूर, दुष्काळात काम गेलं. मुंबईत दहिसरच्या एका रासायनिक कंपनीत रोज २३ रुपयांवर लागला. हायवेच्या फूटपाथवर प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा मिळवायला एका झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. म्हणजे शंभराहून जास्त दिवसांची मजुरी. आत तो, बायको आणि तीन मुली. वयं १६, १३ आणि ५.

दुसरा आपल्या संगमनेरचा. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर पडलं, म्हणून १९६९ साली मुंबईला आला. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला ७०० गेले.

'फुकटे' हा शब्द आपण किती सहज वापरतो! फूटपाथवरच्या माणसाने भाडं आणि डिपॉझिट दोन्ही भरलेलं असतं. पावती मिळालेली नसते, एवढंच.

घोषणा झाल्यावर कामराज नगर आणि तुळशी पाइप रोडची माणसं उच्च न्यायालयात गेली. २१ जुलैपर्यंत तात्पुरती मनाई मिळाली. त्या तारखेला सरकारपक्षाने मान्य केलं की १५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, या झोपड्या पाडणार नाही. चला, मिटलं, असं कुणालाही वाटेल. पण याचिकेतल्या आरोपानुसार त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ जुलैला, लोकांना एसटीच्या बसेसमध्ये कोंबून मुंबईबाहेर पाठवलं गेलं. त्या प्रवासात दोन बाळं जन्माला आली आणि दोन बाळं गेली. सरकारचं म्हणणं वेगळं होतं. जबरदस्ती कुणावर केली नाही, ज्यांना गावी जायचं होतं त्यांना प्रवासाची मदत केली.

सेलमच्या त्या मजुराची झोपडीही २३ जुलैलाच पडली. कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो परत आला, कारण काम इथे होतं, आणि पुन्हा एका फूटपाथवर शिरला. संगमनेरच्या माणसाची झोपडी त्याआधीच, जानेवारी १९८० मध्ये पाडली होती. त्यानेही पुन्हा उभी केली होती. न्यायालयाने निकालात या सगळ्याला लपाछपीच म्हटलंय. गाडी आली की गल्लीबोळात पळायचं, गाडी गेली की परत यायचं.

आता विचार करा. दिवसाला २३ रुपये मिळवणारा माणूस सर्वोच्च न्यायालयात कसा जाईल? वकील, टायपिंग, दिल्लीचं तिकीट, प्रतिज्ञापत्रं हे सगळं सोडा. समन्स कुठल्या पत्त्यावर बजावणार? त्याचा पत्ता हाच तर वादाचा विषय होता! तारीख लागेल तेव्हा तो सेलमला असेल की दहिसरला, हे त्यालाही माहीत नाही. दोन तारखांच्या मध्ये अर्जदारच शहराबाहेर पाठवला गेला तर खटला चालवायचा कुणी?

क्रमांक १० आणि ११ तिथे यासाठी होते. त्यांना बसमध्ये कोंबता येत नव्हतं.

पण या संस्था आल्या कुठून? याचा इतिहास मुंबईतच सुरू होतो आणि तो फारसा गौरवाचा नाही, म्हणून सांगण्यासारखा आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली. पुढाकार जवाहरलाल नेहरूंचा. रवींद्रनाथ टागोर मानद अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष, के. बी. मेनन सचिव. नेहरूंची भूमिका स्पष्ट होती. नागरी स्वातंत्र्य म्हणजे सरकारला विरोध करण्याचा हक्क. आणि संघटना काँग्रेसची नको, सगळ्या पक्षांची, सगळ्या मतांची हवी, म्हणजे ज्याचं मत आपल्याला पटत नाही त्याच्याही अटकेची नोंद होईल.

पुढच्याच वर्षी प्रांतांत निवडणुका झाल्या आणि काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, गृहखातं कन्हैयालाल मुन्शींकडे. १९३८ मध्ये या सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं, ज्याने संप करणं कामगारांना अवघड होणार होतं. ७ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. गिरणगावात गोळीबार झाला. हे सरकार इंग्रजांचं नव्हतं, 'आपलं' होतं.

आणि सिव्हिल लिबर्टीज युनियन? काँग्रेस सत्तेवर आल्यापासून तिची धार जात राहिली. कार्यकर्ते तेच, पक्ष तोच, मंत्री ओळखीचे. आपल्याच माणसाविरुद्ध पत्रक कोण काढणार? काही वर्षांत संघटना विरली. मेनन मात्र विरले नाहीत. १९४२ साली केरळातल्या कीळरियूर बॉम्ब खटल्यात ते आरोपी होते. तो वेगळ्या पोस्टचा विषय.

माझं मत विचाराल तर या संघटनांना सर्वात मोठा धोका पोलिसांचा नसतो. ओळखीचा माणूस मंत्री होण्याचा असतो.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं देशभर उभी राहील अशी संघटना नव्हती. मग आणीबाणी आली. ती कथा तुम्हाला माहीत आहे, म्हणून मुंबईपुरती दोन-तीन दृश्यं सांगतो.

ऑक्टोबर १९७५. वकिलांनी जिना हॉलमध्ये एक खासगी परिषद ठेवली होती. विषय, राज्यघटनेखाली नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य. बोलणार कोण, तर देशाचे माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. नरेंद्र नाथवानी आणि इतर वकील उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. आणीबाणीत! तेव्हा हे किती धाडसाचं होतं, याची आज कल्पना करणं अवघड आहे.

२८ एप्रिल १९७६. सर्वोच्च न्यायालयाने 'एडीएम जबलपूर' खटल्याचा निकाल दिला. स्थानबद्ध माणसाला, त्याची अटक बेकायदा असली तरी, आणीबाणीत न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. चार विरुद्ध एक. एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. चारांत आपल्या पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत व्ही. एम. तारकुंडे होते. ही दोन नावं लक्षात ठेवा.

आणि १७ मे १९७६, म्हणजे त्या निकालाला तीन आठवडेही झाले नव्हते. ट्रॉम्बेची जनता कॉलनी पाडली. अणुशक्ती केंद्राला जागा हवी होती. सुमारे ७० हजार माणसं उचलून चिता कॅम्पच्या चिखलात नेऊन टाकली. आणीबाणीच्या आठवणी निघतात तेव्हा मिसाबंदी नेत्यांच्या निघतात, आणि त्या निघायलाच हव्यात. पण सत्तर हजारांची ही आठवण किती घरांत निघते? तेव्हाच्या नागरी स्वातंत्र्यवाल्यांच्या यादीतही झोपडी नव्हती. त्यांच्या लेखी नागरी स्वातंत्र्य म्हणजे भाषण, सभा, वृत्तपत्र, अटक. डोक्यावरचं प्लास्टिक हा 'स्वातंत्र्या'चा प्रश्न आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तारकुंडे मूळचे सासवडचे. जन्म १९०९ चा. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. १९५७ ते १९६९ मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, मुदतीआधी पद सोडून दिल्लीत वकिली सुरू केली. ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने दिल्लीत नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी एक संघटना स्थापन झाली. उद्घाटन आचार्य कृपलानींनी केलं, अध्यक्ष तारकुंडे. जेपींची तेव्हा मूत्रपिंडं गेली होती. तुरुंगातून बाहेर आल्यावर ते महिनोन् महिने इथे जसलोकमध्ये डायलिसिसवर होते. त्यांनाही पक्षांपासून अलग संघटना हवी होती. १९३६ चीच गोष्ट.

मग १९७७ ची निवडणूक. जनता पक्ष आला. काल तुरुंगात असलेले आज मंत्री. आणि संघटना? झोपली! पुन्हा १९३७. इंदिरा गांधी १९८० मध्ये परत आल्या, तेव्हा कुठे जाग आली. नोव्हेंबर १९८० मध्ये पीयूसीएल या नावाने तिची पुनर्रचना झाली, अध्यक्ष पुन्हा तारकुंडे. आपले कोण आणि परके कोण हे बघूनच जाग येत असेल, तर ग्रुपवरच्या माझ्या मित्राची शंका अगदीच चुकीची नाही, हे कबूल करायला हवं.

मुंबईतली सीपीडीआर आणीबाणीनंतरच्या त्याच काळात उभी राहिली. नावातला फरक बघा. एकीच्या नावात 'नागरी स्वातंत्र्य', दुसरीच्या नावात 'लोकशाही हक्क'. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता, कार्यकर्त्यांत यावर जोरदार भांडणं व्हायची. एक बाजू म्हणायची, घटनेत लिहिलेले हक्क सरकारने पाळावेत, एवढं आपलं काम. आर्थिक प्रश्नात पडलो तर आपण राजकीय पक्ष होऊन बसू. दुसरी बाजू म्हणायची, ज्याला उद्याच्या जेवणाची खात्री नाही त्याला भाषणस्वातंत्र्य घेऊन काय करायचंय? हक्क मिळवण्यासाठी जे लढतात त्यांचा लढण्याचा हक्क आधी राखा.

१९८१ च्या पावसाळ्यात ही दोन्ही नावं एकाच याचिकेवर, एकाखाली एक आली, १० आणि ११. एसटीच्या बसेसनी तो वाद निदान त्या पावसाळ्यापुरता मिटवला. झोपडी पाडणं हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा प्रश्न आहे, असं दोघांनी मिळून म्हटलं.

न्यायालयात एक अडचण होती, आणि ती स्वतःच्याच बाजूने निर्माण झालेली. उच्च न्यायालयात अर्जदारांच्या वकिलाने मान्य केलं होतं की फूटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि १५ ऑक्टोबरनंतर पाडायला आडकाठी करणार नाही. पावसाळ्याचे तीन महिने पदरात पाडून घेण्यासाठी दिलेला तो शब्द. महापालिका सर्वोच्च न्यायालयात म्हणाली, आता तुम्ही फिरू शकत नाही. चंद्रचूडांनी उत्तर दिलं की मूलभूत हक्क कुणी सोडून देऊ शकत नाही. ते एकट्या माणसाच्या सोयीसाठी नाहीत, समाजासाठी आहेत. वकिलाने काहीही कबूल केलं तरी घटना बांधली जात नाही.

आता ती दोन नावं आठवा. पीठावर सरन्यायाधीश म्हणून चंद्रचूड, समोर अर्जदारांच्या वकिलांत तारकुंडे. नऊ वर्षांपूर्वी हेच दोघे समोरासमोर होते आणि चंद्रचूडांनी तेव्हा माणसाला दार बंद केलं होतं. १९८५ मध्ये त्यांनीच लिहिलं की उपजीविकेचं साधन काढून घेतलं तर जगण्याचा हक्क उरत नाही, कारण साधनाशिवाय कुणी जगू शकत नाही. माणूस बदलतो की काळ बदलतो, मला माहीत नाही. पण मधल्या नऊ वर्षांत बाहेर कुणीतरी सतत बोलत होतं, एवढं खरं.

इथवर वाचून विजय झाला असं वाटलं असेल, तर थांबा.

महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३१४ आहे. रस्त्यावरचं, फूटपाथवरचं अतिक्रमण आयुक्त नोटीस न देता काढू शकतात. अर्जदारांचा हल्ला या कलमावर होता. न्यायालयाने कलम वैध ठरवलं! फक्त एवढं म्हटलं की 'नोटीस न देता काढू शकतात' याचा अर्थ 'नोटीस देऊच नये' असा होत नाही. साधारणपणे नोटीस द्यावी, म्हणणं ऐकावं, अपवाद तातडीच्या प्रसंगापुरता. या लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं का? तर आम्हीच ऐकलं की, असं न्यायालय म्हणालं. आणि फूटपाथ हा चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे राहण्याचा हक्क कुणाला नाही, हेही सांगितलं.

म्हणजे तत्त्व मिळालं, झोपडी गेली. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत पाडू नका, पावसाळा संपू द्या, एवढा हुकूम. १९७६ च्या मोजणीत नोंद असलेल्या फूटपाथवासीयांना मालवणी किंवा तशा ठिकाणी पर्यायी जागा द्या, पण ती आधी दिल्याशिवाय हटवू नये अशी अट नाही. वीस वर्षांहून जुन्या, सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्यांना जास्त संरक्षण.

बसमध्ये कोंबलेल्या माणसाच्या नजरेने हिशोब केला तर १५ ऑक्टोबर १९८१ ची मुदत ३१ ऑक्टोबर १९८५ झाली. मध्ये चार पावसाळे. पाच वर्षांची मुलगी नऊ वर्षांची होते एवढा काळ. तुम्ही म्हणाल, बस्स? मी म्हणेन, होय, बस्स. या संघटनांच्या कामाचं माप बहुतेक वेळा एवढंच असतं. आठवडा, महिना, एक नोटीस, एक तारीख. ज्याच्या डोक्यावर छप्पर पक्कं आहे त्याला ते क्षुल्लक वाटतं.

संघटनांना काय जमलं नाही, तेही सांगतो. मोजणीचा मुद्दा बघा. १९७६ ची ती मोजणी मुख्यतः सार्वजनिक जमिनींवरच्या झोपडपट्ट्यांची होती. फूटपाथवाले सरकारच्या यादीत जवळजवळ नव्हतेच. यादीत नाही, तर पर्यायी जागा कुठून? हे काम वकिलांनी होणारं नव्हतं. ते १९८५ मध्ये भायखळ्याच्या फूटपाथवर झालं. स्पार्क ही संस्था तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिने फूटपाथवरच्या बायकांना बरोबर घेऊन घरोघर, म्हणजे आडोशाआडोशाने, मोजणी केली. अहवालाचं नाव होतं 'वी, द इन्व्हिजिबल', म्हणजे 'आम्ही अदृश्य माणसं'. त्यातून पुढे 'महिला मिलन' उभं राहिलं. तिकडे निवारा हक्क सुरक्षा समिती रस्त्यावर होती. १९८६ मध्ये नरिमन पॉइंटची संजय गांधी नगर वस्ती पाडली, तेव्हा शबाना आझमी, आनंद पटवर्धन उपोषणाला बसले आणि त्या लोकांना गोरेगावात जागा मिळाली. पटवर्धनांचा 'हमारा शहर' हा माहितीपट याच काळातला. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहा.

न्यायालयातली संघटना, फूटपाथवरची संघटना आणि उपोषणाला बसलेली संघटना. यातलं खरं काम कुणाचं, यावर त्या मंडळींत अजून भांडणं होतात. मला वाटतं, याचिका नसती तर मोजायला माणसं तिथे उरलीच नसती. आणि मोजणी नसती तर निकाल फक्त कायद्याच्या पुस्तकात राहिला असता.

मित्राने एकच गोष्ट मागितली होती, पण जाता जाता अजून दोन. मतदानयंत्रावर शेवटचं 'नोटा'चं बटण असतं. ते सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आलं, याचिका पीयूसीएलची. आणि तुमच्या-आमच्या गावच्या शाळेत मुलांना शिजवलेली खिचडी मिळते. आधी आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. शिजवून द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम २८ नोव्हेंबर २००१ चा. राजस्थानात दुष्काळात माणसं उपाशी आणि सरकारी गोदामं भरलेली, म्हणून पीयूसीएलने त्याच वर्षी केलेल्या याचिकेतला. आमच्या ग्रुपमधल्या दोघांच्या बायका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहेत. त्या रोज त्या खिचडीची नोंद करतात. याचिकेवर नाव कुणाचं, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही.

आता हे सगळं आजच का लिहितोय? १० जुलै ही तारीख परत बघा. त्या निकालाला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, १० जुलै २०२५ ला, आपल्या विधानसभेने जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार त्यात सरकारला आहे. सरकार म्हणतं, हे फक्त कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे. विरोध करणारे म्हणतात, व्याख्या एवढी ढगळ आहे की तिच्यात कुणालाही बसवता येईल. मसुद्यावर हजारो हरकती आल्या होत्या. मी कायद्याचा जाणकार नाही. पण कामराज नगरच्या त्या याचिकेतून १० आणि ११ क्रमांक खोडले, तर मागे पत्ता नसलेली नऊ माणसं आणि एक पत्रकार उरतो. एवढा हिशोब मला जमतो.

आणि फूटपाथचं काय झालं, तेही ऐका. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर प्रकरणात निकाल दिला. पीठावर आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन. बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणं ऐकणं, कारणांसह आदेश, पाडकामाचं चित्रीकरण, सगळं लिहून दिलं. चांगला निकाल आहे. त्यात अपवादही आहे. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या बेकायदा बांधकामांना हे नियम लागू नाहीत.

मुंबई महापालिकेचं कलम ३१४ अजून पुस्तकात आहे. 'नोटीस न देता' हे शब्दही तिथेच आहेत.